सिस्टिमॅटिक रिव्ह्यूचं खरं काम आकडेमोडीच्या आधी असतं

एकाच प्रश्नावर आठ-दहा ट्रायल, म्हणजे रुग्णांवर केलेल्या उपचारांच्या चाचण्या, झालेल्या असतात आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत, ही वैद्यकातली नेहमीची स्थिती आहे. त्या सगळ्या शोधायच्या, प्रत्येकीची कसून तपासणी करायची, जमत असेल तर त्यांचे आकडे एकत्र करायचे आणि निघालेल्या उत्तरावर किती विसंबायचं तेही सांगायचं, या कामाला सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणतात. आकडे एकत्र करण्याच्या भागाचं नाव मेटा-अ‍ॅनालिसिस. बाहेरून पाहणाऱ्याला तोच गाभा वाटतो, कारण छापील लेखात फॉरेस्ट प्लॉट, म्हणजे सगळ्या ट्रायलचे निकाल एकाखाली एक दाखवणारा आलेख, सगळ्यात आधी नजरेत भरतो. काम करताना अनुभव वेगळा येतो. प्लॉट काढायला संगणकाला काही सेकंद लागतात. तो कुठल्या बाजूला झुकणार हे मात्र त्याच्या कितीतरी आधी ठरून गेलेलं असतं: प्रश्नाची व्याख्या करताना, पेपर ओळ न् ओळ वाचताना, आकडे उतरवून घेताना.

आम्ही हे काम गटाने करतो. विषय जाणणारे किमान दोन डॉक्टर, शोधाची भाषा जाणणारा ग्रंथपाल आणि एक संख्याशास्त्रज्ञ, एवढी माणसं लागतातच. एकट्याने केलेला रिव्ह्यू आम्ही विश्वासार्ह धरत नाही. निवड आणि नोंदणी दोघांनी स्वतंत्रपणे करणं हाच या पद्धतीचा कणा आहे. पुढचं सगळं एका ठोस प्रश्नाला धरून सांगतो, म्हणजे प्रत्येक पायरीवर काय घडतं ते दिसेल. प्रश्न असा: प्रौढांमध्ये गुंतागुंत नसलेला (अपेंडिक्स न फुटलेला) अपेंडिसायटिस झाला, तर शस्त्रक्रियेऐवजी फक्त अँटिबायोटिक देऊन भागतं का?

सगळ्यात जास्त वेळ या एका वाक्याची उकल करण्यात जातो आणि तो जाऊ द्यावा. रुग्ण कोण, उपचार कोणता, तुलना कशाशी आणि मोजायचं काय, हे चार भाग करायचे. इंग्रजी आद्याक्षरांवरून याला ‘पिको’ म्हणतात. पाठ्यपुस्तकात ही पायरी अर्ध्या पानात संपते. प्रत्यक्षात याच विषयावरच्या दोन मोठ्या ट्रायल शेजारी ठेवल्या, की ती किती खोल आहे ते कळतं.

फिनलंडमधली ‘अ‍ॅपॅक’ ट्रायल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ५३० रुग्ण होते. निदान सीटी स्कॅनने पक्कं केलेलं होतं आणि अपेंडिक्समध्ये खडा, म्हणजे अपेंडिकोलिथ, असलेले रुग्ण मुळातच वगळलेले होते. अँटिबायोटिक गटाला तीन दिवस शिरेतून एर्टापेनेम आणि नंतर सात दिवस तोंडाने लेव्होफ्लॉक्सासिन व मेट्रोनिडॅझोल दिलं गेलं. शस्त्रक्रियेच्या गटात बहुतेकांचं ऑपरेशन पोट उघडून झालं, लॅपरोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून, फक्त ५.५ टक्के रुग्णांत. अमेरिकेतली ‘कोडा’ ट्रायल २०२० ची. तिच्यात १,५५२ रुग्ण होते, त्यांतल्या ४१४ जणांना अपेंडिकोलिथ होता आणि ऑपरेशनं जवळजवळ सगळी लॅपरोस्कोपीने झाली.

आता गुंतागुंतीचे आकडे पाहा. अ‍ॅपॅकमध्ये शस्त्रक्रियेच्या गटात गुंतागुंत २०.५ टक्के आणि अँटिबायोटिक गटात २.८ टक्के. कोडामध्ये नेमकं उलटं: दर १०० रुग्णांमागे अँटिबायोटिक गटात ८.१ आणि शस्त्रक्रियेच्या गटात ३.५. दोन्ही ट्रायल काळजीपूर्वक केलेल्या आहेत. फरक दोन ठिकाणांहून आला. उघड्या शस्त्रक्रियेत जखमेचा संसर्ग, हर्निया, टाक्यांपाशी रेंगाळणारं दुखणं यांचं प्रमाण जास्त असतं, त्यामुळे अ‍ॅपॅकमध्ये शस्त्रक्रियेची बाजू जड झाली. कोडामध्ये जास्तीची गुंतागुंत खडा असलेल्यांत होती: त्यांच्यात दर १०० रुग्णांमागे २०.२ विरुद्ध ३.६, आणि खडा नसलेल्यांत ३.७ विरुद्ध ३.५, म्हणजे जवळपास सारखीच. हे दोन आकडे डोळे मिटून एकत्र केले तर मधलाच कुठलातरी आकडा हाती येईल आणि तो या दोन्ही प्रकारच्या रुग्णांपैकी कुणालाच लागू पडणार नाही. खडा असलेल्यांचा वेगळा विचार करायचा का आणि ऑपरेशन उघडं की दुर्बिणीतून याने फरक पडेल का, हे निकाल समोर येण्यापूर्वी लिहून ठेवावं लागतं. निकाल पाहून केलेली विभागणी नेहमी पटण्यासारखीच दिसते आणि म्हणूनच तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट याच आकड्यांत आहे. अ‍ॅपॅकने किती टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली ते मोजलं, तर कोडाने दर १०० रुग्णांमागे किती घटना घडल्या ते. एकाच रुग्णाला दोन गुंतागुंती झाल्या तर पहिल्या पद्धतीत तो एक, दुसऱ्या पद्धतीत दोन. तक्ता भरणाऱ्याने हे पाहिलं नाही तर संगणक ते कधीच पकडणार नाही.

‘यश’ हा शब्द तर सर्वांत फसवा. अ‍ॅपॅकमध्ये शस्त्रक्रियेच्या गटात यश म्हणजे ऑपरेशन पार पडणं. अँटिबायोटिक गटात यश म्हणजे ऑपरेशन न लागता घरी जाणं आणि वर्षभरात पुन्हा त्रास न होणं. पहिलं ९९.६ टक्के आलं, दुसरं ७२.७ टक्के. या दोहोंची वजाबाकी करता येते, पण तिचा अर्थ लावताना दोन्ही बाजूंना वेगळी मोजपट्टी लावली आहे हे सांगावंच लागतं. मुदतही ठरवून घ्यावी लागते. कोडामध्ये अँटिबायोटिक गटातल्या २९ टक्के रुग्णांचं ९० दिवसांत ऑपरेशन झालं, वर्षाअखेर हाच आकडा ४० टक्क्यांवर गेला. अ‍ॅपॅकमध्ये अँटिबायोटिक गटातल्या ३९.१ टक्के रुग्णांना पाच वर्षांत अपेंडिसायटिस परत झाला. ‘किती दिवसांनी’ हे न लिहिता ‘अपयशाचं प्रमाण’ असा रकाना केला, की तो रकाना निरुपयोगी ठरतो.

हे सगळं लिहून झालं की प्रोटोकॉल तयार होतो आणि तो नोंदवायचा. यॉर्क विद्यापीठाच्या केंद्राने २०११ मध्ये सुरू केलेली ‘प्रॉस्पेरो’ ही त्यासाठीची सर्वांत परिचित नोंदवही आहे. नोंदणी आकडे उतरवायला बसण्याच्या आधी झाली पाहिजे. नोंदवताना त्याच प्रश्नावर दुसरा कुणी काम करतोय का हेही दिसतं. करत असेल आणि तुमच्या प्रश्नात नवीन काही नसेल, तर थांबणंच योग्य. एकाच विषयावरचे सारखे रिव्ह्यू काढत राहण्याने ज्ञान वाढत नाही. प्रोटोकॉल नंतर बदलता येतो, मात्र काय बदललं, कधी आणि का, हे अंतिम लेखात उघडपणे मांडायचं.

मग शोध. निदान मेडलाइन, एम्बेस आणि कोक्रेन या रिव्ह्यू करणाऱ्या संस्थेचं ‘सेंट्रल’ हे वैद्यकीय लेखांचे तीन साठे तपासायचे. प्रत्येक संकल्पनेसाठी दोन प्रकारचे शब्द द्यावे लागतात: साठ्याने ठरवून दिलेले विषयशब्द, जसे मेडलाइनमधले ‘मेश’ आणि एम्बेसमधले ‘एमट्री’, आणि शीर्षक-सारांशात लेखकांनी स्वतः वापरलेले शब्द. फक्त मेश वापरून चालत नाही, कारण पबमेड या शोध-संकेतस्थळावर दिसणाऱ्या पण मेडलाइनमध्ये नसलेल्या नोंदींना मेश लावलेलाच नसतो. शब्दांची रूपंही सांभाळावी लागतात. अपेंडिक्स काढण्याच्या शस्त्रक्रियेला अमेरिकेत ‘अपेंडेक्टमी’ म्हणतात आणि ब्रिटनमध्ये ‘अपेंडिसेक्टमी’. अपेंडिसायटिस आणि अपेंडिसेक्टमीच्या सामायिक मुळाला तारांकन (*, म्हणजे पुढे काहीही चालेल) लावलं तर हे दोन्ही शब्द सापडतात, पण अमेरिकी ‘अपेंडेक्टमी’ निसटतो, कारण त्याचं स्पेलिंग ते मूळ संपण्याआधीच वळतं. पबमेडमध्ये तारांकन लावलं की आपोआप होणारी विषयशब्दांची जुळणी त्या शब्दापुरती बंद पडते, हेही ध्यानात ठेवावं.

समानार्थी शब्द ‘ऑर’ने जोडायचे आणि वेगवेगळ्या संकल्पना ‘अँड’ने. कंस चुकीच्या जागी पडला तर निकाल हजारांनी फुगतो किंवा गुपचूप आटतो. फुगलेला लगेच दिसतो. आटलेला दिसत नाही आणि घात तोच करतो. यावर साधा उपाय आहे: विषयातल्या ज्या चार-पाच ट्रायल तुम्हाला आधीच माहीत आहेत, त्या या शोधात येतात का ते पाहायचं. एक जरी आली नाही, तर ती कुठल्या ओळीत गळली ते शोधून ओळ दुरुस्त करायची. परिणामांचे शब्द, म्हणजे ‘गुंतागुंत’ किंवा ‘रुग्णालयातला मुक्काम’ यांसारखे, शोधात शक्यतो घालू नयेत. सारांशात लेखकाने नेमका तो परिणाम लिहिलेला असेलच असं नाही. अलीकडे शोधाच्या ओळी भाषा-मॉडेलकडून लिहून घेतल्या जातात. कच्चा मसुदा म्हणून हरकत नाही, पण त्यांत अस्तित्वातच नसलेले मेश शब्द येऊ शकतात. प्रत्येक शब्द मूळ सूचीत शोधून पाहिल्याशिवाय ओळ चालवू नये.

छापून आलेलं तेवढंच वाचलं तर चित्र आशादायक दिसतं, कारण नकारात्मक निकाल छापले जाण्याची शक्यता कमी असते. याचं सगळ्यात स्वच्छ मोजमाप २००८ मध्ये नैराश्यावरच्या औषधांच्या ट्रायलबाबत झालं. अमेरिकेच्या औषध नियामकाकडे नोंदलेल्या ७४ ट्रायलपैकी ३१ टक्के छापल्याच गेल्या नव्हत्या. छापील लेखांवर गेलं तर ९४ टक्के ट्रायल सकारात्मक होत्या. नियामकाच्या स्वतःच्या विश्लेषणात ५१ टक्के. म्हणून ट्रायल-नोंदवह्या तपासणं हे जोडकाम नाही, मुख्य कामच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या एकत्रित पोर्टलवर आणि क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्हवर, पूर्ण झाली पण निकाल नाही अशी ट्रायल सापडली, की संशोधकांना पत्र लिहायचं. उत्तर येवो न येवो, ती ट्रायल ‘निकाल अनुपलब्ध’ म्हणून रिव्ह्यूत दिसलीच पाहिजे.

सगळ्या साठ्यांतल्या नोंदी एकत्र केल्या की दुहेरी नोंदी काढायच्या. सॉफ्टवेअर बरंच काम करतं, पण लेखकांची नावं एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे आद्याक्षरांनी असतात, पानांचे क्रमांक वेगळे लिहिलेले असतात, त्यामुळे उरलेल्यांवर नजर टाकावीच लागते. याच्या नेमकी उलट अडचण जास्त महत्त्वाची: एकाच ट्रायलचे अनेक लेख. अ‍ॅपॅकचा वर्षभराचा निकाल २०१५ मध्ये आला आणि पाच वर्षांचा २०१८ मध्ये. हे दोन अभ्यास नव्हेत. नोंदणी क्रमांकावरून लेख एकमेकांना जोडले नाहीत, तर तेच रुग्ण दोनदा मोजले जातात.

छाननी दोघांनी स्वतंत्रपणे करायची. आधी ५० ते १०० नोंदींवर सराव करून निकषांचा अर्थ दोघांना सारखाच लागतोय ना ते पाहायचं. शीर्षक-सारांशाच्या टप्प्यावर शंका आली तर नोंद आत ठेवायची. पूर्ण लेखाच्या टप्प्यावर मात्र वगळण्याचं एकच कारण लिहायचं, आणि कारणांचा क्रम आधी ठरवलेला असावा, नाहीतर किती नोंदी कुठे गळल्या ते दाखवणाऱ्या प्रिझ्मा आकृतीतले आकडे जुळत नाहीत. दोघांचं एकमत ‘कप्पा’ या आकड्याने मोजतात. तो चुकीच्या अर्थाने वाचला जातो, म्हणून एक हिशोब देतो. समजा १,००० नोंदींपैकी १० दोघांनीही आत घेतल्या, ९७० दोघांनीही वगळल्या आणि २० वर मतभेद झाला, दोन्ही बाजूंना दहा-दहा. एकमत ९८ टक्के आहे, पण कप्पा येतो ०.४९, म्हणजे जेमतेम मध्यम. कारण जवळपास सगळंच वगळायचं असताना नुसत्या योगायोगानेही ९६ टक्के एकमत होतं. त्यामुळे कप्प्याचा आकडा मिरवण्यापेक्षा त्या वीस नोंदी काढून मतभेद कशावरून झाला ते वाचणं उपयोगाचं. बहुतेक वेळा निकषातलं एखादं वाक्य मोघम निघतं.

यानंतर आकडे उतरवण्याचं काम येतं. आमच्या मते रिव्ह्यू सर्वाधिक इथेच बिघडतो. तक्ता आधी तीन-चार पेपरवर वापरून पाहावा आणि प्रत्येक आकड्यापुढे तो कुठल्या पानावरून, कुठल्या तक्त्यातून घेतला ते लिहावं. महिन्यांनी शंका आली की त्या रकान्याची किंमत कळते.

सगळ्यात घातक गोंधळ स्टँडर्ड डेव्हिएशन (रुग्णारुग्णांत किती तफावत आहे) आणि स्टँडर्ड एरर (सरासरीचा अंदाज किती हलू शकतो) यांचा. पेपरमध्ये सरासरीपुढे अधिक-उणे चिन्ह आणि एक आकडा असतो; तो यांपैकी कोणता हे कधी तळटिपेत असतं, कधी कुठेच नसतं. समजा १०० रुग्णांचा सरासरी मुक्काम ३ दिवस आणि स्टँडर्ड एरर ०.२ आहे. खरं स्टँडर्ड डेव्हिएशन ०.२ गुणिले १०० चं वर्गमूळ, म्हणजे २ दिवस. कुणी ०.२ हेच डेव्हिएशन म्हणून भरलं, तर मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये त्या आकड्याचं वजन शंभरपट होतं आणि एकटी ती ट्रायल सगळा निकाल ओढून नेते. फॉरेस्ट प्लॉटमध्ये एखाद्या ट्रायलचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा आकडा ज्या मर्यादांत असण्याची शक्यता आहे तो टप्पा, तिच्या आकाराच्या मानाने फारच अरुंद दिसला, तर आधी हीच शंका घ्यावी. ९५ टक्के इंटरव्हल दिलेला असेल तर मोठ्या ट्रायलमध्ये त्याच्या रुंदीला ३.९२ ने भागून रुग्णसंख्येच्या वर्गमूळाने गुणलं की डेव्हिएशन मिळतं.

मुक्कामाच्या दिवसांचं आणखी एक दुखणं आहे. बहुतेक रुग्ण लवकर घरी जातात आणि मोजके बरेच दिवस राहतात, त्यामुळे विभागणी एका बाजूला लांबलेली असते. सरासरी ही डेव्हिएशनच्या दुपटीपेक्षा कमी असेल, तर विभागणी तिरकी आहे असं समजायला हरकत नाही. वरच्या उदाहरणात ३ भागिले २ म्हणजे १.५, अर्थात तिरकी. अशा ठिकाणी पेपर मध्यक आणि चतुर्थक देतात. त्यांवरून सरासरी काढण्याची सूत्रं आहेत, पण ती विभागणी सममित धरून चालतात, आणि इथे तेच गृहीत तुटलेलं असतं. आम्ही अशा ट्रायल वेगळ्या ठेवतो आणि त्यांना आत घेऊन व बाहेर ठेवून, दोन्ही निकाल दाखवतो.

सार्वजनिक आरोग्यातल्या ट्रायलमध्ये बरेचदा माणसांऐवजी अख्खी गावं, शाळा किंवा दवाखाने चिठ्ठ्या टाकून वाटले जातात. एका गावातली माणसं एकमेकांसारखी असतात, म्हणून त्यांची संख्या जशीच्या तशी धरता येत नाही. प्रत्येक गटात ५० माणसं आणि गटांतर्गत साम्याचा गुणांक ०.०२ असेल, तर घटक येतो १ अधिक ४९ गुणिले ०.०२, म्हणजे १.९८. हजार माणसांची ट्रायल हिशोबापुरती साधारण ५०५ जणांची उरते. कित्येक पेपर हा घटक लावत नाहीत. मग तो रिव्ह्यू करणाऱ्यांनी लावायचा.

बायसची, म्हणजे निकाल एका बाजूला झुकवणाऱ्या दोषांची, तपासणी ट्रायलसाठी ‘रॉब २’ या साधनाने करतो. त्यात पाच भाग आहेत: वाटप, ठरलेल्या उपचारापासून फारकत, गळालेली माहिती, मोजमाप आणि निकालातून सोयीचं तेवढं निवडून मांडणं. गुण देऊन बेरीज करायची नाही; प्रत्येक भागावर निर्णय द्यायचा आणि त्याखाली पेपरमधलं वाक्य टाकायचं. शस्त्रक्रियेच्या ट्रायलमध्ये पहिले दोन भाग सर्वाधिक त्रास देतात. आपल्याच विषयात २००९ मध्ये आलेल्या एका स्वीडिश अभ्यासात रुग्णांचं वाटप जन्मतारखेवरून झालं. अशा वाटपात पुढचा रुग्ण कुठल्या गटात जाणार हे डॉक्टरला आधीच कळतं. शिवाय अँटिबायोटिक गटातल्या जेमतेम निम्म्या रुग्णांनी तो उपचार पूर्ण केला, बाकीचे शस्त्रक्रियेकडे गेले. आता निकाल मूळ गटांनुसार वाचायचा की मिळालेल्या उपचारानुसार? उत्तर आपल्या प्रश्नावर अवलंबून आहे, पण ते प्रोटोकॉलमध्ये आधीच असायला हवं. रुग्णाला आपल्याला ऑपरेशन झालं की नाही हे माहीतच असतं, म्हणून वेदना किंवा जीवनमानाचे आकडे मृत्यूच्या आकड्यापेक्षा जास्त संशयाने वाचायचे. एकच ट्रायल एका परिणामासाठी चांगली आणि दुसऱ्यासाठी कच्ची असू शकते.

गेल्या दशकभरात यात एक नवी पायरी पक्की झाली आहे: ही ट्रायल खरोखर झाली का, हे विचारणं. हे विचारायला संकोच वाटतो, पण न विचारण्याची किंमत रुग्ण मोजतात. हृदयाशी संबंधित नसलेल्या शस्त्रक्रियेच्या सुमारास बीटा-ब्लॉकर हे हृदयाची गती कमी करणारं औषध द्यावं, या सल्ल्याला ‘डिक्रीज’ नावाच्या ट्रायलचा मोठा आधार होता. त्यांची विश्वासार्हता चौकशीनंतर कोसळली. त्या बाजूला ठेवून २०१४ मध्ये उरलेल्या ट्रायलचं मेटा-अ‍ॅनालिसिस प्रसिद्ध झालं, तेव्हा बीटा-ब्लॉकर सुरू केल्याने मृत्यूचा धोका २७ टक्क्यांनी वाढलेला दिसला. ८,३५१ रुग्णांच्या ‘पॉइझ’ ट्रायलने २००८ मध्येच तो इशारा दिला होता: हार्ट अटॅक कमी झाले, पण पक्षाघात आणि मृत्यू वाढले. आपल्या अपेंडिसायटिसच्या विषयातही २००९ मधली एक लहान ट्रायल पुढे मागे घेतली गेली.

म्हणून प्रत्येक लेख ‘रिट्रॅक्शन वॉच’च्या मागे घेतलेल्या लेखांच्या साठ्यात शोधायचा. नोंदणी पहिला रुग्ण घेण्याच्या आधी झाली की नंतर, ते पाहायचं. दोन गटांचे सुरुवातीचे आकडे संशयास्पदरीत्या सारखे आहेत का, तेही. एक साधी अंकगणिती चाचणी फार उपयोगी पडते. २० रुग्णांचे पूर्ण दिवस मोजून काढलेली सरासरी ०.०५ च्याच पटीत येऊ शकते: ३.४५ किंवा ३.५०. पेपरमध्ये ३.४७ लिहिलं असेल तर तो आकडा अशक्य आहे. कधी टंकनदोष असतो, कधी एखादा रुग्ण गळालेला असतो, कधी त्याहून गंभीर काही. लेखकांना मूळ माहिती मागायची आणि समाधान होईपर्यंत ती ट्रायल मुख्य हिशोबाबाहेर ठेवायची.

इतकं झाल्यावर मेटा-अ‍ॅनालिसिस. आर भाषेतली ‘मेटा’ आणि ‘मेटाफॉर’ ही पॅकेजं किंवा कोक्रेनचं रेव्हमॅन, कशानेही चालतं. सावधगिरी दोनच ठिकाणी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. पहिली, आय-स्क्वेअरचा अर्थ. ट्रायलमधला फरक किती मोठा आहे, हे तो सांगत नाही. दिसणाऱ्या फरकातला किती टक्के भाग योगायोगापलीकडचा आहे ते सांगतो. मोठमोठ्या ट्रायल असतील तर क्षुल्लक फरकालाही तो ९० टक्के दाखवेल. पुढच्या नव्या ठिकाणी परिणाम किती असू शकेल हे कळायला प्रेडिक्शन इंटरव्हल द्यावा, आणि तो रुंद आला तरी लपवू नये. दुसरी, ट्रायल थोड्या असताना येणारा खोटा आत्मविश्वास. प्रत्येक ट्रायलचा खरा परिणाम थोडा वेगळा धरणाऱ्या रँडम-इफेक्ट्सच्या जुन्या पद्धतीत इंटरव्हल काढताना १.९६ हा गुणक वापरतात. हार्टुंग-नॅप पद्धतीत तीन ट्रायल असतील तर तो ४.३० होतो आणि दोनच असतील तर १२.७१. इंटरव्हल एकदम अवाढव्य होतो. लोक घाबरून जुन्या पद्धतीकडे वळतात, पण दोन ट्रायलवरून खरोखर तेवढंच कळलेलं असतं. तिथे आकडे एकत्र न करता शेजारी-शेजारी मांडणं जास्त प्रामाणिक. न छापलेल्या ट्रायलचा संशय तपासणारा फनेल प्लॉट हा आलेखही दहापेक्षा कमी ट्रायल असताना काढू नये. त्यातून आकार दिसतो, पण अर्थ निघत नाही.

शेवटी ग्रेड, म्हणजे पुराव्याची प्रतवारी. प्रत्येक परिणामाच्या पुराव्याची खात्री उच्च, मध्यम, कमी किंवा अत्यंत कमी अशी ठरवायची. यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या, ट्रायलचा पुरावा ‘उच्च’पासून सुरू होतो आणि पाच कारणांनी खाली येतो: बायस, विसंगती, अप्रत्यक्षता, अचूकतेचा अभाव आणि प्रकाशनातला झुकाव. एकाच दोषासाठी दोन रकान्यांत गुण कापणं टाळावं. सोबत निव्वळ आकडे द्यायचे, कारण ‘धोका ४० टक्क्यांनी कमी’ या वाक्याने रुग्णाला काहीच ठरवता येत नाही. मुळात हजारांत २०० जणांना होणारी गोष्ट १२० वर आली, तर ८० जणांचा फायदा; हजारांत १० वरून ६ वर आली, तर चौघांचा. अपेंडिसायटिसच्या रिव्ह्यूत हा तक्ता खडा असलेल्यांसाठी आणि नसलेल्यांसाठी वेगळा करावा लागतो. कोडामध्ये अँटिबायोटिक दिल्यावर ९० दिवसांत ऑपरेशन लागण्याचं प्रमाण पहिल्या गटात ४१ टक्के होतं, दुसऱ्यात २५ टक्के. समोर बसलेल्या रुग्णाला सांगायचा आकडा त्याच्या सीटीवर अवलंबून आहे.

लेख प्रिझ्मा २०२० या मांडणीच्या नियमावलीतल्या २७ मुद्द्यांवर तपासून पाठवण्याआधी शोध पुन्हा चालवायचा. प्रसिद्धीच्या वेळी शेवटचा शोध १२ महिन्यांपेक्षा जुना नसावा असा कोक्रेनचा दंडक आहे. या फेरीत नवीन ट्रायल सापडली की छाननीपासून ग्रेडपर्यंत सगळं तिच्यासाठी पुन्हा करावं लागतं, मग मुदत कितीही जवळ आलेली असो. त्याच वेळी आधी घेतलेल्या प्रत्येक लेखावर मधल्या काळात दुरुस्ती छापली गेली आहे का किंवा तो मागे घेतला गेला आहे का, हेही नव्याने पाहायचं. शोधाच्या पूर्ण ओळी, वगळलेल्या लेखांची कारणांसह यादी, उतरवलेल्या आकड्यांचा तक्ता आणि विश्लेषणाचा कोड लेखासोबत खुले ठेवायचे, म्हणजे पुढच्या ट्रायलनंतर कुणालाही आमच्या तक्त्यात एक ओळ वाढवून हिशोब स्वतः करून पाहता येतो.